साडेसात बाय चार

नव्या घराचा नकाशा हाती आला त्या संध्याकाळी आम्ही दिवाणखान्यावर तासभर बोललो, स्वयंपाकघरावरून थोडे भांडलो आणि कोपऱ्यातल्या एका इवल्या चौकोनावरून नुसती नजर फिरवून पुढे गेलो. ती आमची न्हाणी होती. साडेसात फूट बाय चार फूट, म्हणजे सारी मिळून ३० चौरस फूट. राष्ट्रीय बांधकाम संहितेत एकत्र स्नानगृह-शौचालयाला किमान २.८ चौरस मीटर जागा आणि १.२ मीटर रुंदी सांगितली आहे. त्या हिशेबाने आमची खोली रुंदीत काठावर उत्तीर्ण आणि क्षेत्रफळात केसभर नापास होत होती, आणि तेही गिलावा व टाईल यांनी चारही भिंतींवरचा आपापला वाटा घेण्यापूर्वी.

कागदावर मात्र सगळे ऐसपैस दिसत होते. दारातून शिरताच बेसिन, त्याच भिंतीला पुढे कमोड आणि शेवटी खिडकीखाली शॉवर. मला खटकली ती एकच गोष्ट. आजवर मी कोणत्याही आराखड्यात बादलीसाठी काढलेला गोल पाहिलेला नाही. आमच्याकडे शॉवर उन्हाळ्यापुरता. एरवी आंघोळ म्हणजे कढत पाण्यात विसण घालायचे, हात बुडवून अंदाज घ्यायचा आणि मग पाटावर बसून तांब्याने अंगावर घ्यायचे. त्याला बादली लागते, पाट लागतो आणि दोन्ही कोपरे मोकळी फिरतील एवढी हवा लागते. दिवाळीतल्या अभ्यंगस्नानाचा तर विचारच नको, कारण तेव्हा पाटावरच्या माणसामागे तेल-उटणे लावणारे दुसरे माणूसही उभे असते.

बदल सुचवायला गेलो तर कळले की या खोलीत आपले फारसे चालत नाही. कमोड कुठे बसणार हे घरमालकापेक्षा पाइपांचा शाफ्ट, म्हणजे पाइप खाली नेणारा उभा पोकळ कप्पा, ठरवतो. कमोडचा चार इंची पाइप उताराने न्यावा लागतो. कमोड जितका शाफ्टपासून लांब, तितका पाइप फरशीखाली जास्त खोल जाणार, आणि तिथे तर पाइपांसाठी मुद्दाम खाली घेतलेल्या स्लॅबच्या खोलीची मर्यादा. फरशीचेही तेच. मीटरला साधारण १० मिलिमीटर उतार नहाणी ट्रॅपकडे, म्हणजे फरशीतल्या जाळीच्या निचऱ्याकडे हवा, नाहीतर पाणी स्वतःला आवडेल त्या कोपऱ्यात मुक्काम करते. जुन्या घरात असे एक तळे कमोडमागे वीस वर्षे साचत होते. त्या वीस वर्षांत घरातल्या प्रत्येकाने दिवसातून एकदा तरी खराटा हाती घेतला, म्हणून या बाबतीत मी प्लंबरलाही कंटाळा येईल इतके प्रश्न विचारले.

दाराचा वाद लांबला. ते आत उघडले तर बेसिनला घासत होते आणि बाहेर उघडले तर बोळातल्या कपाटाला. बायकोचे म्हणणे कपाट हलवावे असे होते आणि ते मला आधी पटले नाही. पण आत कोणी घसरून पडले तर त्या माणसाला ढकलून दार उघडावे लागेल, हे तिने म्हटल्यावर मी गप्प बसलो. घरात शहात्तर वर्षांची आई आहे. कपाट हलले.

शेवटी रविवारी आम्ही खडू घेऊन त्या उघड्या विटांच्या खोलीत गेलो आणि प्लंबरने जमिनीवर बेसिन, कमोड आणि शॉवरची जागा आखली. आईने घमेले पालथे घातले, त्यावर बसली आणि रिकाम्या हाताने डोक्यावरून पाणी घेतल्यासारखे केले. तिचे कोपर खडूच्या कमोडवर गेले. “हे बेसिन इथे कशाला? चूळ भरायला बाहेर बोळात चालणार नाही का रे?” तिने विचारले. जुन्या घरी बेसिन जेवणघराबाहेरच होते आणि पंगतीतून उठलेल्या कोणाला ते आत असावे असे कधी वाटले नव्हते. प्लंबरने टेप लावला. बेसिन बाहेर गेले तर कमोड शाफ्टच्याच भिंतीला धरून सव्वा फूट दाराकडे सरकत होता, आणि खिडकीखाली चाळीस इंचांचे पंचावन्न होत होते.

त्याने पायाने जुना खडू पुसला, नव्या रेघा मारल्या आणि नळाची उंची लिहायला वही काढली. “बादली कितीची, आजी?”

“वीस लिटरची. आणि नळ उजव्या हाताला.”

तो वाकला आणि उजव्या कोपऱ्यात त्याने एक गोल काढला.