तुम्ही विचारलंत म्हणून: मिलिटरी व्हेस्ट घालून डोंगरात जावं का?

पाऊस ओसरला, रानातली चिखलवाट वाळली, की धुळे-जळगावकडच्या पोरांचा हा प्रश्न ठरलेला. "भाऊ, ते मिलिटरीवालं खिशाखिशांचं जॅकेट घेऊ का? सॅकची कटकटच मिटेल." फोटोत ते दिसतं भारी. आठ-दहा पाऊच, छातीवर चाकूची म्यान, पाठीला पाण्याच्या पिशवीची जागा.

सॅकची कटकट त्याने मिटत नाही. चालता चालता हाताशी लागणाऱ्या वस्तू, म्हणजे पाणी, खाऊ, बॅटरी, नकाशा, मलमपट्टी, एवढंच त्यात ठेवायचं. अंथरूण-पांघरूण, तंबू, शिधा हे सॅकमध्येच जाणार. आणि खानदेशात फिरायचं असेल तर पूर्ण अंगभर व्हेस्ट घेऊच नका. कमरेचा रुंद पट्टा आणि त्याला खांद्यावरून आधार देणारे दोन पट्टे, म्हणजे जुन्या धाटणीची बेल्ट-जोडी, हीच इथे कामाची.

हे सामान कशासाठी बनलं ते पाहिलं की कारण कळतं. अमेरिकन लष्कराने 1973 मध्ये 'ॲलिस' नावाची जोडी स्वीकारली. त्यात कमरपट्टा, खांद्याचे पट्टे, पुढे काडतुसांचे दोन पाऊच, बाजूला पाण्याचे कॅन्टीन आणि मागे घडीचं फावडं होतं. 1980च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी व्हेस्ट आणला आणि मॅगझिन, म्हणजे बंदुकीत बसणारी काडतुसांची पेटी, पोटावरून वर, छातीकडे सरकली. 1990च्या दशकाच्या शेवटी 'मॉली' आलं आणि पाऊच हवे तिथे लावायची सोय झाली. छातीवर खिसे आले ते सैनिकाला न बघता, एका हाताने मॅगझिन काढता यावी म्हणून. तुम्हाला मॅगझिन बदलायची नाही. तुम्हाला पाटणादेवीहून कण्हेरगडावर चढायचंय, आणि तिथे पाय कुठे टाकतोय ते दिसणं जास्त गरजेचं आहे.

छातीवर दहा-बारा सेंटीमीटर जाडीचे पाऊच आले की मान खाली घातली तरी स्वतःचे बूट दिसत नाहीत. चढताना ते चालून जातं. उतरताना मुरमाड वाटेवर पुढचं पाऊल अंदाजाने पडतं आणि घोटा मुरगळतो. कातळातल्या पायऱ्यांवर किंवा जिथे खडकाला पोट लावून सरकायचं तिथे हेच पाऊच तुम्हाला कड्यापासून बाहेर ढकलतात. लळिंगचा किल्ला असो की भामेरचा, अंग खडकाला चिकटलेलं राहिलं पाहिजे, वीतभर लांब नाही.

दुसरं कारण उष्मा. भुसावळ-जळगावचा पारा एप्रिल-मेमध्ये 44-45 अंशांवर जातो. त्या दिवसांत दुपारचं चालूच नये, पण ऑक्टोबरचं ऊनही काही कमी नसतं. शरीर थंड राहतं ते घाम वाळल्यामुळे. छाती-पाठीवर फोमचं अस्तर, त्यावर जाड नायलॉन आणि पाठीवर पुन्हा सॅक असली की धडावरचा घाम गळतो, वाळत नाही. पाणी जातं, थंडावा मिळत नाही, वर घामोळं येतं ते वेगळंच. विकताना 'जाळीचा आहे, हवा खेळते' असं सांगतात. जाळी असते खरी, पण तिच्यावर पाऊच बसले की हवा खेळायला जागा उरते कुठे? बेल्ट-जोडीत छाती उघडी राहते. फक्त खांद्यावर दोन पट्टे आणि कमरेभोवती एक कडं.

आता बसवायचं कसं, कारण बहुतेकांचा घोळ इथेच होतो. कमरपट्टा पँटच्या पट्ट्यासारखा आवळायचा नाही. कुल्ल्याच्या हाडाच्या वरच्या काठावर तो टेकला पाहिजे आणि आत दोन बोटं सहज गेली पाहिजेत. मग खांद्याचे पट्टे एवढेच खेचा, की पट्टा मागून खाली लोंबणार नाही. पट्टे जास्त खेचले तर सगळं वजन खांद्यावर येतं आणि पट्टा बरगड्यांपर्यंत वर चढतो. पाण्याचे दोन पाऊच दोन्ही बाजूंना, कुल्ल्याच्या हाडाच्या जरा मागे लावा. पुढच्या बाजूला नाभीपासून दोन्हीकडे वीतभर जागा मोकळी सोडा. मग गुडघा कमरेइतका वर उचलून बघा. मांडी पाऊचला लागली तर पाऊच मागे सरकवा. हे घरीच, पाणी भरून करायचं. रिकाम्या बेल्टचा अंदाज काही कामाचा नाही.

एवढं करून सॅक पाठीवर चढवली की खरी अडचण समोर येते. सॅकचा कमरपट्टाही त्याच हाडावर बसतो, आणि एका हाडावर दोन पट्टे मावत नाहीत. पाऊच सॅकच्या तळाला ढकलतात, सॅक पाठीपासून सुटते आणि मागे ओढते. यावर दोनच उपाय आहेत. पाठीकडचा 25-30 सेंटीमीटर भाग पूर्ण रिकामा ठेवायचा आणि सॅक आखूड, म्हणजे पाऊचच्या वरच संपणारी घ्यायची. ब्रिटिश सैनिकांची पद्धत साधारण अशीच, बेल्टवर सामान आणि वर बसणारी सॅक. नाहीतर सॅकचा कमरपट्टाच वापरायचा, बेल्ट-जोडी घरी ठेवायची आणि सॅकच्या पट्ट्यालाच दोन पाऊच जोडायचे. मुक्कामी जाणाऱ्याला, म्हणजे सॅक दहा किलोच्या वर असेल त्याला, हा दुसरा उपाय बरा. बेल्ट-जोडी शोभते ती एका दिवसाच्या फिरण्याला, किंवा मुक्कामावर सॅक टाकून आजूबाजूला भटकायला.

खांद्याच्या पट्ट्यांची बकलं कुठे येतात तेही बघून घ्या. सॅकच्या पट्ट्याखाली प्लॅस्टिकचं बकल आलं की तासाभरात खांद्यावर लाल वळ उठतो. बकल छातीच्या उंचीवर, सॅकच्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला आलं पाहिजे. पट्ट्यांची लोंबती टोकं झुडपांत अडकतात. सायकलच्या जुन्या ट्यूबचे बोटभर रुंद गोल कापा, टोक गुंडाळून त्यात खोचा. फुकटात काम होतं. उन्हाने रबर चिरतं, तेव्हा नवा गोल कापायचा.

मॉलीची पट्टी विणण्यात दहापैकी आठ जण चुकतात. मूळ पद्धतीत आडव्या पट्ट्या एक इंच रुंद, दोन पट्ट्यांत एक इंच अंतर आणि दर दीड इंचावर उभी पक्की शिलाई असते. पाऊचमागची जीभ, म्हणजे लोंबती पट्टी, आधी बेल्टच्या पट्टीखालून जाते, मग पाऊचच्या स्वतःच्या पट्टीखालून, मग पुन्हा बेल्टच्या. एक इकडची, एक तिकडची. घाईत जीभ फक्त बेल्टच्या पट्ट्यांतून ओढून खाली बटण लावलं तर पाऊच बसल्यासारखा दिसतो, पण पावलागणिक हलतो आणि शिलाई उसवत नेतो. नीट विणलेला पाऊच बेल्टला असा चिकटतो, की मध्ये बोट घालायला जोर लावावा लागतो. स्वस्त मालात दीड इंचाचं माप चुकलेलं असतं. कुठे सव्वा, कुठे पावणेदोन. मग दुसऱ्या कंपनीचा पाऊच त्यात जातच नाही. दुकानात मोजपट्टी घेऊन जा, लाजू नका.

कापडाचं म्हणाल तर 500 किंवा 1000 डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप) नायलॉन असेल तर उत्तम. 600 डेनिअरचं पॉलिस्टर चालतं, फक्त उलटं करून आतला लेप बघा. नखाने खरवडल्यावर पापुद्रा सुटत असेल तर दोन उन्हाळ्यांत त्याचा भुगा होणार. भार येतो त्या जागी, म्हणजे खांद्याचा पट्टा जिथे बेल्टला मिळतो तिथे, चौकोनात काट मारलेली शिलाई हवी. सरळ एक धाव असेल तर गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्याकडे न्या. त्याच्याकडे जाड मशीन आणि नायलॉनचा दोरा असतो, दहा मिनिटांत पक्की करून देतो. साध्या शिंप्याची सुई त्या जाडीत मोडते.

कुसळांचा विषय वेगळाच घ्यावा लागतो. ऑक्टोबर ते डिसेंबर सातपुड्याच्या उतारावर गवत वाळून कंबरभर उभं असतं आणि कुसळं सगळीकडे घुसतात. वेल्क्रोच्या झाकणात एकदा कुसळ आणि गोखरू भरलं, की ते झाकण पुन्हा नीट चिकटत नाही. पाऊच आपोआप उघडतो आणि आतली वस्तू कधी पडली तेही कळत नाही. त्यामुळे झाकण बकलचं किंवा बटणाचं घ्या. वेल्क्रो असेलच तर वर एक बकल असावं. घरी आल्यावर जाड सुईने एकेक कुसळ उपसावं लागतं, त्याला दुसरा मार्ग नाही.

कशात काय ठेवायचं? दोन्ही बाजूंना एकेक लिटर पाणी. लष्करी कॅन्टीन एक क्वार्टचं, म्हणजे लिटरला थोडं कमी असतं, पण त्याचा बाक कमरेला धरून राहतो. साधी गोल बाटली घेतली तर पाऊचला वरून दोरी हवी, नाहीतर वाकल्यावर ती निसटते. पाणी आळीपाळीने डावी-उजवीकडचं प्या. एकच बाटली संपवली तर पट्टा जड बाजूला फिरतो आणि कमरेचं कातडं सोलतं. डिसेंबरनंतर यावलच्या रानातले बरेच नाले आटायला लागतात, म्हणून उरलेलं दोन-तीन लिटर सॅकमध्ये असू द्या. नळीची पिशवी वापरत असाल तर प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकून पाणी मागे ढकला. तसं केलं नाही तर पुढचा घोट चहाइतका गरम लागतो.

पुढच्या डाव्या पाऊचमध्ये ओआरएसची दोन पाकिटं. मोठं पाकीट अख्खं एक लिटर पाण्यात टाकायचं, अर्ध्या बाटलीत नाही. सोबत क्रेप बँडेज, चिकटपट्टी, चिमटा. साप चावला तर हे बँडेज अंग न हलवता फळीला बांधायला आहे, आवळून रक्त थांबवायला नाही. सातपुड्यात फुरसं आणि घोणस दोन्ही आहेत, आणि त्यांच्या विषावर आवळपट्टी बांधली तर अवयव गमावण्याची वेळ येते. 108 ला फोन लावा आणि माणसाला उचलून न्या. उजव्या पाऊचमध्ये हेडलॅम्प, शिट्टी, काडेपेटी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून. शिट्टी खरं तर खांद्याच्या पट्ट्याला बांधावी. मदतीची खूण मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा.

खायला शेंगदाणे, फुटाणे, खारीक. केळी पाऊचमध्ये घालू नका. जळगावात राहून केळी नको म्हणणं जिवावर येतं, पण बसताना पाऊच दाबला जातो आणि पुढचे चार दिवस त्यात माश्या घोंगावतात. दशम्या आणि चटणी सॅकमध्ये, डब्यात. गुळाचा खडा उन्हात पाघळतो, तोही डब्यातच. सगळं मिळून बेल्टवर चार किलोच्या वर जाऊ देऊ नका. त्यातले दोन किलो पाण्याचेच असतात.

आता रंग आणि चाकू. चट्ट्यापट्ट्यांचा लष्करी छापा घेऊच नका. लष्कराने 15 जानेवारी 2022 ला नवा गणवेश दाखवला, त्या छाप्याचे हक्क नोंदवून घेतलेत. सैनिक असल्याचं भासवायच्या हेतूने तसा पोशाख घातला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 खाली तो गुन्हा आहे. तुमचा हेतू तसा नसेल हो, पण चौकीवर उभं राहून हेतू समजावण्यात सकाळ जाते. खाकी, राखी, तपकिरी रंग बरे. खरं सांगायचं तर भडक केशरी सगळ्यात उत्तम, हरवलात तर दिसाल तरी.

चाकूचं जास्त गंभीर आहे. यावल, अनेर किंवा गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात जायला वनखात्याची परवानगी लागते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या कलम 31 प्रमाणे लेखी परवानगीशिवाय शस्त्र घेऊन अभयारण्यात शिरता येत नाही, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत चाकूही शस्त्रातच मोडतो. म्हणजे छातीवर म्यान मिरवत गेटवर उभे राहिलात तर वनरक्षकाने अडवणं बरोबरच आहे. पाटणादेवीचा परिसर गौताळ्यात येतो, हे बऱ्याच जणांच्या लक्षात राहत नाही. कांदा चिरायची सुरी लागणारच असेल तर परवानगी काढतानाच विचारून घ्या.

मोटरसायकलवरून पायथ्याला जाताना बेल्ट अंगावर घालू नका. पुढचे पाऊच टाकीला दाबतात, मागच्या बाटल्या सीटवर टेकून पट्टा वर चढवतात, आणि पडलात तर कमरेखाली कठीण वस्तू येते. सॅकसोबत बांधून न्या, गाडी लावल्यावर घाला. बायकांनीही पूर्ण व्हेस्टऐवजी बेल्ट-जोडीच घ्यावी. व्हेस्टची मापं पुरुषांच्या छातीवर बेतलेली असतात आणि छातीचं बकल नको तिथे दाबतं.

परत आल्यावर पाऊच उलटे करून झटका, तळाची पाणी जायची भोकं मातीने बुजली असतील तर काडीने मोकळी करा. घामाचं मीठ पट्ट्यात राहिलं तर पट्टी कडक होते आणि पुढच्या वेळी कातडं सोलते. कोमट पाणी, साधा साबण, मऊ ब्रश एवढं पुरे. मशीनमध्ये टाकू नका, बकलं फुटतात आणि लेप सुटतो. सावलीत उलटं टांगून वाळवा, कडक उन्हात नायलॉन कमजोर होतं. ठेवण्याआधी प्रत्येक पाऊचमध्ये हात घालून बघा. कोपऱ्यात चार शेंगदाणे राहिले तर पावसाळाभर उंदरांना तेवढं पुरतं, आणि शेंगदाण्यापर्यंत पोचायला ते बकल उघडत बसत नाहीत, कापडच कुरतडतात.