नॅनोट्यूबची ताकद ठरवतो तो सर्वांत वाईट दोष

कार्बन नॅनोट्यूब म्हणजे कार्बन अणूंच्या षटकोनी जाळीची अतिसूक्ष्म नळी. तिच्या ताकदीचा आकडा कुणी सांगितला, की आधी विचारावं: नळी किती लांब, आणि जाळीतले दोष कसले?

बिनदोष नळीचा यंग गुणांक (ताणाला किती विरोध होतो, म्हणजे कडकपणा) सुमारे १ टेरापास्कल आणि ताकद गणिताने १०० गिगापास्कलच्या आसपास येते. पण २००० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बहुभिंती (एकात एक बसलेल्या) नळ्या ओढून तोडल्या, तेव्हा बाहेरच्या भिंतीची ताकद भरली ११ ते ६३ गिगापास्कल. ती भिंत तुटली आणि आतल्या नळ्या म्यानातून तलवार निघावी तशा सरकत बाहेर आल्या.

सगळे दोष सारखे घातक नसतात. स्टोन-वेल्स दोषात एक बंध ९० अंशांत फिरतो, चार षटकोनांच्या जागी दोन पंचकोन आणि दोन सप्तकोन येतात. अणू एकही कमी होत नाही, त्यामुळे नुकसान तुलनेने बेताचं. एक-दोन अणूच गायब असले, तर कडेच्या बंधांवर जादा भार येतो आणि ताकद साधारण पाव हिश्श्याने घटू शकते. भोक त्याहून मोठं असेल, तर ते सरळ भेगेसारखं वागतं. इथे किती अणू गेले यापेक्षा भोक ओढीच्या आडवं किती रुंद आहे हे जास्त महत्त्वाचं.

यंग गुणांक मात्र जवळपास जागच्या जागी राहतो, कारण तो सगळ्या बंधांची सरासरी सांगतो. तुटणं सरासरीवर चालत नाही. नळी जितकी लांब, तितकी त्यात एखादं मोठं भोक असण्याची शक्यता जास्त. रामन वर्णपटातलं डी-जी गुणोत्तर (लेझर प्रकाश टाकून दोषांचं प्रमाण जोखायचं माप) हेही सरासरीच दाखवतं. त्यावरून ताकद सांगणाऱ्यांवर फारसा विश्वास ठेवू नये.

सिम्युलेशनमध्ये तर हमखास फसगत होते. एआयआरईबीओ विभव (कार्बन अणूंमधली बलं काढायचं एक गणिती सूत्र) मूळ मांडणीत वापरला, तर बंध १.७ अँगस्ट्रॉमपुढे (१ अँगस्ट्रॉम म्हणजे ०.१ नॅनोमीटर) ताणला जाताच कटऑफ फंक्शन, म्हणजे लांबच्या अणूंमधला बंध शून्यावर आणणारा भाग, मध्ये येतं आणि बल खोटंच उसळतं. आलेखाचं शेपूट तुटण्याआधी एकदम वर वळलेलं दिसलं, की हीच फसगत झाली असं समजावं. म्हणून कटऑफ जिथून सुरू होतो ती १.७ ची मर्यादा १.९२ ते २ अँगस्ट्रॉमपर्यंत वाढवतात. अणू काढल्यावर ओढण्याआधी रचना किमान ऊर्जेला स्थिरावू द्यावी, आणि भिंतीची जाडी किती धरली ते लिहावंच, कारण ताकद म्हणजे बल भागिले छेदाचं क्षेत्रफळ. प्रघात ०.३४ नॅनोमीटरचा आहे, कुणी ०.०६६ धरली, तर तीच नळी कागदावर पाचपट मजबूत होते!

प्रयोगात आणखी एक पेच असतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात २०० किलोव्होल्टवर नळी नुसती न्याहाळली, तरी इलेक्ट्रॉनच्या धडकेने अणू उडतात, म्हणून ८० किलोव्होल्टच्या आसपास काम करतात. गंमत म्हणजे हाच मारा बहुभिंती नळीत दोन भिंतींमध्ये बंध जोडतो. मग आतल्या भिंतीही भार उचलू लागतात. २००८ च्या प्रयोगांत अशा नळीने पेललेला कमाल भार दहापटीहून जास्त वाढला होता. अर्थात अणू उडाल्याने प्रत्येक भिंत स्वतः थोडी कमजोर होते, आणि मारा अती झाला तर भोकंच उरतात.