रंगावर जाऊ नकोस

भाचीला सध्या दगडांचं वेड लागलंय. हिरा कुठे सापडतो, हा तिचा पहिला प्रश्न. म्हटलं, आधी आपल्या मुंबईचा दगड तर ओळख! आज अंधेरीला गिल्बर्ट हिलला नेलं. साधारण 200 फूट उंच, काळे कुळकुळीत उभे खांब. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना आकसला, तडकला आणि हे बेसॉल्टचे खांब तयार झाले. "मामा, हे रचले कोणी?" माथ्यावर गावदेवीचं देऊळ आहे, त्यामुळे देवीनेच, असं तिने ठरवूनही टाकलं.

खरी मजा घरी. कर्जतहून आणलेले दोन पांढरे खडे तिच्यासमोर ठेवले. रंगावर जाऊ नकोस, एवढंच सांगितलं. (बाजारातल्या दगड ओळखायच्या किटमध्ये नेमकी रंगांचीच चित्रं असतात, म्हणून मला ती आवडत नाहीत.) एका खड्याने जुन्या काचेवर ओरखडा उठला: क्वार्ट्झ, म्हणजे गारगोटी, काठिण्य मोजायच्या 1 ते 10 च्या मोह्स मापावर 7. दुसरा लोखंडी खिळ्यानेच खरवडला गेला, त्याच्या भुकटीवर लिंबू पिळताच बारीक बुडबुडे आले: कॅल्साइट, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, काठिण्य 3. बाईसाहेब जागेवरच नाचल्या.

आता तिला घरातले सगळे दागिने तपासायचेत. आजीच्या अंगठीतलं पोवळंही मुळात कॅल्शियम कार्बोनेटच, हे मात्र मी अजून सांगितलेलं नाही. लिंबं अजून शिल्लक आहेत!