किआन्तीचे पांढरे रस्ते आणि शांत मार्ग शोधण्याची एक पद्धत

इटलीच्या तोस्काना प्रांतातल्या किआन्ती या द्राक्षमळ्यांच्या, वाइनच्या प्रदेशात पहिल्यांदा सायकल चालवली तेव्हा मी तिथला सर्वांत प्रसिद्ध रस्ता निवडला, आणि तिथेच फसलो. फ्लॉरेन्सहून सिएनाकडे जाणारा हा एसआर २२२, म्हणजे 'किआन्तिजाना', नकाशावर द्राक्षमळ्यांमधून नागमोडी वळणे घेत जाताना फार मोहक दिसतो. प्रत्यक्षात मात्र मागून येणाऱ्या मोटारी, पर्यटकांच्या बसगाड्या आणि मोटरसायकलींचे जथे यांचा असा ससेमिरा असतो की कडेच्या वेलींकडे मान वळवून पाहण्याचेही धाडस होत नाही. दुसऱ्या दिवशी मी डांबर सोडले. तेव्हापासून त्या भागातले माझे सगळे मार्ग एकाच नियमाने आखले जातात: ज्या रस्त्याचे काम द्राक्षांशी आहे तो घ्यायचा, आणि ज्याचे काम पाहुण्यांशी आहे तो टाळायचा.

द्राक्षांचे काम करणारे रस्ते म्हणजे तिथल्या 'स्त्रादे बिआंके', पांढरे रस्ते. चुनखडीच्या बारीक खडीचे हे कच्चे रस्ते एका मळ्यातून दुसऱ्या मळ्यात, मळ्यातून तळघरापर्यंत आणि तिथून गावात जाण्यासाठी आहेत. त्यांना कुठेही लवकर पोहोचायचे नसते, त्यामुळे टेकडी आडवी आली तर ते तिला वळसा घालत नाहीत, सरळ अंगावर घेतात. मोटारवाल्याला धूळ आणि खड्डे नकोसे वाटतात, म्हणून तो इकडे फिरकत नाही. आपल्याला मिळते ती शांतता या गैरसोयीची देणगी आहे.

सुरुवातीसाठी मी गायोले हे गाव सुचवेन. तिथून दक्षिणेला ब्रोलिओच्या किल्ल्याकडे सायप्रसच्या रांगांमधून पांढरा रस्ता चढतो. किआन्तीची वाइन प्रामुख्याने सांजोवेसे द्राक्षांची असावी, हे सूत्र एकोणिसाव्या शतकात ज्यांनी रुजवले ते बेत्तीनो रिकासोली याच किल्ल्याचे धनी. चढ फार लांब नाही, पण खडी सैल असल्यामुळे उभे राहून पॅडल मारले की मागचे चाक जागच्या जागी फिरते. बसूनच, हलक्या गिअरवर, दातओठ न खाता चढावे लागते. असे सावकाश चढताना कडेच्या मातीकडे लक्ष जाते. वेलींच्या बुंध्यांशी पातळ पापुद्रे सुटणारा करडा दगड पडलेला असतो, बोटांनी दाबला तरी त्याचा चुरा होतो. हा 'गालेस्त्रो'. दुसरा कठीण, फिकट चुनखडीचा दगड 'आल्बेरेझे'. द्राक्षांचे जाणकार या दोन दगडांवर तासन्‌तास बोलतात. मला ते टायरखालच्या आवाजावरून ओळखता येऊ लागले, एवढीच माझी विद्वत्ता.

हे रस्ते आज शिल्लक आहेत याचे बरेच श्रेय सायकलस्वारांना जाते. सगळीकडे डांबर पसरत चालले होते तेव्हा, १९९७ साली, गायोलेत जानकार्लो ब्रोच्ची यांनी 'लेरोइका' ही जुन्या सायकलींची फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी ९२ जण आले होते. पांढऱ्या रस्त्यांना मोल आहे हे त्या फेरीने गावोगावी पटवून दिले. त्याच मार्गांवर २००७ पासून व्यावसायिक स्पर्धा होऊ लागली आणि आता 'स्त्रादे बिआंके' म्हटले की सायकलप्रेमींना रस्त्यांआधी ती मार्चमधली शर्यतच आठवते. लेरोइकाचा २०९ किलोमीटरांचा खुणा केलेला कायमचा मार्ग वर्षभर कोणालाही वापरता येतो. तो एका दिवसात पूर्ण करण्याचा हट्ट मात्र मला पटत नाही. मी त्याचे चार तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्यातून आडवाटेने परत येतो, कारण खरी शांतता खुणांच्या पाट्या संपल्यावरच सुरू होते.

आडवाट निवडताना सायकलस्वारांच्या ॲपमधला गर्दी दाखवणारा रंगीत नकाशा मी उलटा वापरतो. जिथे रेषा ठळक, तिथे जायचे नाही. जिथे ती पुसट होत होत एखाद्या मळ्यापाशी थांबते, तिथे उपग्रहचित्रात पुढे चाकोरी दिसते का ते पाहायचे. 'स्त्रादा प्रिवाता' अशी पाटी दिसली तर रस्ता खासगी आहे हे मान्य करून मागे फिरायचे.

सिएनाच्या आग्नेयेला गेलात की निसर्ग पार बदलतो. किआन्तीच्या टेकड्यांवर निम्म्याहून अधिक जंगल आहे आणि ओकच्या सावलीत बराच वेळ जातो. 'क्रेते सेनेसी' या भागात मात्र सावली नावालाच. उघड्या मातीच्या टेकड्या, गव्हाची शेते, एखादे एकटे घर. आशानोजवळचा मोंते सांते मारिए हा साडेअकरा किलोमीटरांचा पट्टा मला या साऱ्या प्रदेशात सर्वांत प्रिय आहे, आणि माझी सर्वांत मोठी फजितीही तिथेच झाली. 'क्रेते' म्हणजे चिकणमाती हे ठाऊक असूनही, रात्रभर पाऊस पडून गेल्यावर सकाळी ऊन पाहून मी निघालो. मुख्य रस्त्यावरची खडी ठीक होती. मी शहाणपणा करून शेताकडेची चाकोरी धरली. शंभर पावलांतच टायर आणि फोर्क (चाक धरणारा दुहेरी दांडा) यांच्या मधली फट मातीने बुजली आणि चाक फिरायचेच थांबले. काडीने माती कोरून काढायची, दहा पावले ढकलत जायचे, पुन्हा कोरायचे. सायकल खांद्यावर घ्यावी तर तिचे वजन जणू दुप्पट झालेले. एक किलोमीटरला तास लागला. २०१० च्या जिरो दितालिया या इटलीच्या मोठ्या सायकल शर्यतीमध्ये पावसात मोंताल्चीनो गावाकडे जाणारे स्पर्धक ओळखू न येण्याइतके चिखलाने माखले होते आणि तो टप्पा ऑस्ट्रेलियाच्या कॅडल इव्हान्सने जिंकला. ती छायाचित्रे मी पूर्वी कौतुकाने पाहिली होती, आता सहानुभूतीने पाहतो. पावसानंतर क्रेतेला पूर्ण एक दिवस सुकू द्यावे आणि तोवर किआन्तीच्या दगडाळ उतारांवर फिरावे.

साधनांबद्दल थोडक्यात: ४० मिलिमीटरचे ट्यूबलेस टायर पुरतात, मागचा सर्वांत हलका गिअर मात्र खरोखर हलका हवा. सिएनाजवळच्या ले तोल्फेचा चढ जेमतेम किलोमीटरभराचा असला तरी एका ठिकाणी १८ टक्क्यांवर जातो. उतार जास्त फसवे असतात. वळणाच्या आधी, जिथे सगळ्याच गाड्या ब्रेक लावतात, तिथे रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या लाटा तयार झालेल्या असतात. ब्रेक त्यांच्या आधीच लावून घ्यावा आणि लाटांवरून हात सैल ठेवून जावे.

राहता राहिला काळ. सप्टेंबरातली द्राक्षकाढणी पाहायला जावे असे सगळे सांगतात, आणि तेवढ्याच दिवसांत हे रस्ते शांत नसतात. पहाटेपासून ट्रॅक्टर आणि भरलेल्या ट्रॉल्यांची ये-जा चालते, आणि ती त्यांच्या हक्काची असल्यामुळे बाजूला व्हायचे ते आपण. मला मे महिना किंवा काढणी उरकल्यानंतरचा ऑक्टोबर आवडतो. शरदात शिकारीचा हंगाम असतो आणि जंगलातून बंदुकांचे आवाज येतात. पण इटलीच्या १९९२ च्या कायद्यानुसार मंगळवारी आणि शुक्रवारी शिकारीला बंदी आहे. म्हणून जंगलातले मार्ग मी या दोन दिवसांसाठी राखून ठेवतो आणि उरलेल्या दिवशी उघड्या क्रेतेत जातो.

मागच्या ऑक्टोबरात, कोरड्या आठवड्यातल्या एका बुधवारी, मोंते सांते मारिएचा पट्टा मी पुन्हा केला. साडेअकरा किलोमीटरांत समोरून फक्त एक ट्रॅक्टर आला. चालकाने मला पाहून वेग इतका कमी केला की चाकांमागची धूळ गुडघ्याच्या वर उठली नाही, आणि शेजारून जाताना एक बोट टोपीला लावले.