दोन तास अठ्ठावीस मिनिटांचा सूड

काही पिक्चर बघण्यापेक्षा ते बघून वैतागलेल्या लोकांचं ऐकण्यात जास्त मजा असते. माझा सध्याचा लाडका म्हणजे 'आय स्पिट ऑन युवर ग्रेव्ह: देजा व्हू', २०१९ चा. नावावरूनच कळतं की सहकुटुंब बघायचा मामला नाही. पण याच्याबद्दल लोक जे बोलतात ना, ते ऐकताना जेवण कधी संपतं कळत नाही.

हा एका जुन्या पिक्चरचा सिक्वेल, म्हणून आधी मूळ प्रकरण सांगायला हवं. १९७८ साली मेयर झार्ची नावाच्या माणसाने अगदी थोड्या पैशात एक पिक्चर काढला. न्यूयॉर्कची जेनिफर नावाची लेखिका कादंबरी लिहायला कनेक्टिकटमधल्या नदीकाठच्या घरात येऊन राहते, गावातले चार जण तिच्यावर अत्याचार करतात, मेली असं समजून सोडून देतात, आणि ती त्या चौघांना एकेक करून संपवते. बस, एवढीच गोष्ट. बॅकग्राउंड म्युझिक नाही, पोलीस नाहीत, कोर्ट नाही, कोणी भाषण पण देत नाही. तेव्हा त्याचं नाव 'डे ऑफ द वुमन' होतं आणि कोणी फारसं फिरकलं नाही. मग १९८० मध्ये डिस्ट्रिब्युटरने नाव बदलून 'आय स्पिट ऑन युवर ग्रेव्ह' केलं, भडक पोस्टर लावलं आणि बोंबाबोंब झाली. त्या पोस्टरवर लिहिलंय की या बाईने पाच पुरुषांना कापलं, तोडलं, जाळलं. पिक्चरमध्ये पुरुष चार, आणि जाळलं तर कोणालाच नाहीये! पाचवा कोण हे शोधत लोक अजून बसलेत. ब्रिटनमध्ये तर हा व्हिडिओ कॅसेटच्या काळात बदनाम याद्यांमध्ये जाऊन बसला.

शिकागोचा समीक्षक रॉजर ईबर्ट तेव्हा हा थेटरात जाऊन बघून आला आणि त्याने शून्य स्टार दिले. तो रिव्ह्यू मी मधूनमधून परत काढून वाचतो कारण त्यात पिक्चरपेक्षा थेटरच जास्त आहे. जवळ बसलेला पिकल्या केसांचा एक गृहस्थ अत्याचाराच्या सीनला मोठमोठ्याने खूश होऊन बोलत होता, नंतर सूड सुरू झाल्यावर मागून एक बाई जेनिफरला चिअर करत होती, आणि ईबर्टला वाटत होतं की वळून त्या बाईला विचारावं, आधीच्या सीनला तुम्हाला काय वाटत होतं हो? विचारलं नाही त्याने. मला हे फार पटतं, कारण अशा पिक्चरबद्दल माणूस जे मत देतो ते निम्मं तरी शेजारच्या खुर्चीबद्दल असतं. आपल्याला पडद्यावरच्याची भीती नाही वाटत एवढी, याच्यावर टाळ्या वाजवणारा माणूस आपल्याच बसने घरी जाणार आहे याची वाटते.

पुढे १९९२ मध्ये कॅरल क्लोव्हर नावाच्या प्राध्यापक बाईंनी हॉरर पिक्चरवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी या पिक्चरला एवढं झिडकारू नका असं म्हणत बराच वेळ दिलाय. त्यांचा अजून एक मुद्दा मला भारी वाटतो, की या सगळ्या रानातल्या पिक्चरांत शहरातला पैसेवाला माणूस खेड्यात जातो आणि तिथले गरीब लोक राक्षस निघतात, म्हणजे शहराच्या मनातली जुनी खाज सगळी खेड्यावर निघते. आपल्याकडे उलटं होतं बघा. आपल्या पिक्चरमध्ये निळू फुले वाड्यावर बसून छळायचे, म्हणजे दुष्ट तो ज्याच्याकडे जमीन आहे. यांच्याकडे दुष्ट तो ज्याचे दात किडलेत आणि पेट्रोलपंपावर काम करतो.

आता पेट्रोलपंपावरून आठवलं, त्या चौघांतला जॉनी पंप चालवणारा. त्याला बायको, दोन पोरं. ती पोरं म्हणजे खुद्द झार्चीची स्वतःची मुलं आहेत, पडद्यावर क्षणभरच दिसतात. जॉनी गायब झाल्यावर त्याची बायको त्याच्या दोस्तांना चांगलंच फैलावर घेते, छोटासा सीन आहे, पण त्या पूर्ण पिक्चरमध्ये मला सगळ्यात खरा तोच वाटतो, कारण तिला बिचारीला काहीच माहीत नाहीये आणि आपल्याला सगळं माहितीय.

तर झार्चीबुवांनी ४१ वर्षांनी आलेल्या या सिक्वेलमध्ये नेमका तोच धागा उचलला. 'देजा व्हू'मध्ये जेनिफर निर्दोष सुटलीय, तिने पुस्तक लिहिलंय, तिची मुलगी मोठी मॉडेल आहे, आणि जॉनीची ती बायको बाकीच्या नातेवाइकांना घेऊन मायलेकींना उचलून नेते. आयडिया वाईट नाही हो! मेलेल्या नालायकालाही घर असतं, ते घर काय करत असेल एवढी वर्षं? याच्यावर कोणीतरी चांगला माणूस चांगला पिक्चर काढू शकला असता.

पण लोकांना काय डाचलं? हिंसा? अजिबात नाही. लांबी! १४८ मिनिटं. मूळ पिक्चर पावणेदोन तासांच्या आत आटपतो आणि हा अडीच तासांच्या दिशेने चाललाय. मायलेकी हॉटेलात जेवायला बसतात तर बोलतच बसतात, मग पळापळ, मग पुन्हा पकडणं, मग शिव्या, मग तेच परत. सगळे सतत ओरडतात, ही दुसरी कॉमन तक्रार. रिमोट हातात असलेली माणसं आहेत ही. हा पिक्चर थेटरांपेक्षा डिस्कवर आणि घरच्या स्क्रीनवरच बघितला गेला, शेजारी पिकल्या केसांचा कोणी नाही, मागे चिअर करणारी बाई नाही. मग माणसाला राग कशाचा येणार, घड्याळाचाच. चाळीस वर्षांपूर्वी याच गोष्टीवर नीतीचे वाद झाले आणि आता वाद काय, तर एडिटर सुट्टीवर होता का.

गंमत म्हणजे मधे १९९३ मध्ये डोनाल्ड फार्मरने एक अनऑफिशियल सिक्वेल काढला होता, व्हिडिओवर शूट केलेला, पैसा दिसतच नाही कुठे. त्यात पण मूळ पिक्चरमध्ये जेनिफर झालेली कॅमिल कीटनच आहे, क्रेडिटमध्ये मात्र विकी केल अशा भलत्याच नावाने. क्वालिटी अशी की लग्नाची कॅसेट बरी. तरी मला त्याचा 'देजा व्हू'एवढा राग येत नाही, कारण तो तासाभरात सोडतो. कीटन ही मूकपटांतला न हसणारा विनोदवीर बस्टर कीटन याच्या नात्यातली, आणि चेहऱ्यावर काही न दाखवता बघत राहण्याची कला बहुतेक घराण्यातच असावी. 'देजा व्हू'ला कितीही शिव्या घाला, ती पडद्यावर आली की आपण जरा सरळ बसतो.

आणि तिलाच मधे मारून टाकलंय. याच्यावरून पब्लिक खरं भडकलं. ज्या बाईसाठी ४१ वर्षं थांबलो तिलाच अर्ध्या रस्त्यात उतरवलं, आणि पुढचा सूड मुलीच्या गळ्यात. मला वाटतं लोकांचं इथे बरोबर आहे. पहिल्या पिक्चरने हिशोब चोख पुरा केला होता, चार होते चार गेले, बाकी शून्य. आता तुम्ही खातं परत उघडणार आणि वर मूळ खातेदारच घालवणार, मग माणसाने कोणाच्या बाजूने बसायचं?

तरी एक आहे, शेवट कसा ओढूनताणून केलाय हे यांना बारकाव्यासकट तोंडपाठ असतं, म्हणजे १४८ मिनिटं लांबली म्हणून बोंबलणारे सगळे १४८ व्या मिनिटाला तिथेच बसलेले होते.