कामावर पैसे ठरवताना आधी काम मोजा

ठाण्यात घरकामाचे पैसे कामावर ठरतात. केर-लादी एक काम, भांडी दुसरं, मशीनमधले कपडे वाळत घालणं तिसरं. प्रत्येकाचा महिन्याचा आकडा वेगळा. ही पद्धत मला रास्त वाटते. घोडबंदर रोडवर सकाळी आठ ते एकमध्ये पाच-सहा घरं करणाऱ्या मावशींना तासावर पैसे दिले, तर जिचा हात चपळ तिलाच कमी मिळतात.

मात्र 'भांडी' म्हणजे किती माणसांची, एक वेळची की दोन वेळची, ओटा आणि सिंक त्यातच का, हे पहिल्याच दिवशी बोलायला हवं. लादीत बाल्कनी येते का? पलंगाखालून रोज पुसायचं का? बाथरूम, पंखे, जाळ्या ही वेगळी कामं आहेत. ती 'जाता जाता' सांगू नयेत, त्यांचे पैसे वेगळे द्यावेत.

आकडा ठरला की तीन दिवस घड्याळ लावून तो तपासा. समजा केर-लादीला 35 मिनिटं आणि भांड्यांना 25 लागतात, म्हणजे रोज एक तास. महिन्याचे 26 दिवस आणि पगार 2,600 रुपये धरला, तर तासाला 100 रुपये पडतात. पाहुणे आले, भांडी 45 मिनिटांवर गेली की तेच 75 होतात. म्हणून पाहुण्यांच्या दिवसांचा जादा दर आधीच ठरवून ठेवावा.

वेळ खरी खातो तो रात्री न भिजवलेला कुकर. तळाला भात वाळून कडक होतो, झाकणाच्या रबराखाली डाळ सुकते, आणि एकट्या त्याच्यावर पाच-सात मिनिटं जातात. झोपण्याआधी तांब्याभर पाणी ओतलं तर एका घासणीत निघतो. तीच गत पाण्याच्या वेळेची. नळाला पाणी नसताना मावशी ताटकळल्या, तर कामावरच्या पगारात त्या वेळेचे पैसे कुणीच देत नाही आणि पुढची सगळी घरं उशिरा होतात. पाणी साडेआठला येत असेल तर आठची वेळ देऊच नका.

चार सुट्ट्या भरपगारी ठरल्या असतील, तर खाडा कापताना पगाराला 30 ने भागा. 26 ने भागलं तर एका खाड्याला 87 ऐवजी 100 रुपये कापले जातात. आणि गौरी-गणपतीला आपण आठ दिवस कोकणात गेलो म्हणून पगार कापू नये. त्या वेळेत मावशींनी दुसरं घर धरलेलं नसतं. कुलूप आपण लावलेलं असतं.

राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे, 18 ते 60 वयाच्या कामगारांची नोंदणी होते. त्यासाठी त्यांनी आपल्याकडे काम करत असल्याचा दाखला मागितला, तर लगेच सही करून द्या.