तुम्ही विचारलंत म्हणून: पासष्टीनंतर विमान का नाही?

नेरूळला पाम बीच रस्त्याच्या बाजूने सकाळी फिरताना ओळखीची मंडळी मला थांबवून एकच प्रश्न विचारतात: "कॅप्टनसाहेब, तुमची तब्येत ठणठणीत आहे, शेवटच्या मेडिकलमध्येही काही निघालं नाही, मग पासष्ट पूर्ण झाली म्हणून घरी का बसवलं? हे वय वाढवायला नको का?" पलीकडे उलव्याला, नवी मुंबईच्या नव्या विमानतळावर, २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने उतरू लागल्यावर तर हा प्रश्न अधिकच विचारला जातो.

माझे उत्तर ऐकून बहुतेकांचा विरस होतो, कारण मला ही मर्यादा सध्या आहे तिथेच राहावी असे वाटते.

पासष्ट हा आकडा काही दगडावरची रेघ नाही. अमेरिकेने १९५९ मध्ये साठ वर्षांची मर्यादा घातली आणि ती २००७ च्या डिसेंबरपर्यंत टिकली. त्याआधी वर्षभर, नोव्हेंबर २००६ मध्ये, आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने पासष्टपर्यंत परवानगी दिली होती, मात्र कॅप्टन साठीपुढचा असेल तर शेजारचा वैमानिक साठीच्या आतला हवा, अशी अट होती. ती अट २०१४ मध्ये गेली. जपानमध्ये आज सदुसष्टपर्यंत विमान चालवता येते आणि कॅनडात देशांतर्गत उड्डाणांना वरची वयोमर्यादाच नाही. तेव्हा पासष्टाव्या वाढदिवसाला माणूस एका रात्रीत निकामी होतो, असे कोणीच म्हणत नाही; मीही म्हणत नाही.

माझा आक्षेप तपासण्यांच्या मर्यादेवर आहे. साठीनंतर दर सहा महिन्यांनी आमची वैद्यकीय तपासणी होते. तिच्यात हृदय, डोळे, कान, रक्तदाब, साखर हे सगळे नीट पाहिले जाते, पण ते पाहिले जाते सकाळी, घरी झोप घेऊन आलेल्या माणसाचे. काम मात्र रात्री एक वाजता वाशीचा खाडीपूल ओलांडून विमानतळावर पोहोचल्यावर सुरू होते.

चौसष्टाव्या वर्षी, पहाटे साडेतीनच्या सुमारास मुंबईकडे उतरत असताना, नियंत्रण कक्षाने आम्हाला ४,००० फुटांपर्यंत खाली येण्यास सांगितले. को-पायलटने आकडा नियंत्रण कक्षाला बरोबर परत सांगितला आणि मी विमानाची उंची ठरवणाऱ्या पॅनेलवर ३,००० लावले. "सर, चार हजार," तो शांतपणे म्हणाला आणि मी लगेच दुरुस्त केले. अशी चूक तिशीतला वैमानिकही करतो आणि ती पकडण्यासाठीच कॉकपिटमध्ये दोघे असतात, हे मला मान्य आहे. पण पूर्वी कोणी चूक दाखवली की ऐकलेला आकडा मला लगेच आठवत असे; त्या रात्री 'चार हजार' हे शब्द ऐकल्याचेच मला आठवेना. पुढच्याच महिन्यात सिम्युलेटर आणि मेडिकल, दोन्हींत मी निर्विवाद पास झालो.

अनुभवाचे मोल सांगताना अनेकजण २००९ मध्ये हडसन नदीवर विमान उतरवणाऱ्या सलेनबर्गर यांचा दाखला देतात. दाखला योग्यच आहे, परंतु तेव्हा ते ५७ वर्षांचे होते, म्हणजे तो अनुभव आजच्या मर्यादेच्या आतच उपलब्ध होता.

वैमानिकांमधला वाद फक्त सुरक्षिततेचा नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. आमच्या धंद्यात सिनिऑरिटी लिस्ट सर्व काही ठरवते: विमान कोणते, मार्ग कोणता आणि कमांड, म्हणजे कॅप्टनपद, कधी. वरचा माणूस दोन वर्षे जास्त थांबला की खालचा प्रत्येकजण तेवढा मागे राहतो, आणि त्यातले कित्येक लाखो रुपयांचे शैक्षणिक कर्ज फेडत असतात. उलट वरच्यालाही घराचे हप्ते असतात, मुलांची शिक्षणे असतात, आणि ज्यासाठी आयुष्य वेचले ते हातून सुटण्याचे दुःख असते. ते मी भोगले आहे, म्हणून सदुसष्ट मागणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना मी स्वार्थी म्हणणार नाही. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने हीच मागणी २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या माँट्रियलच्या अधिवेशनात मांडली होती. ती मान्य झाली नाही.

वय वाढवायचेच असेल, तर पासष्टीपुढच्यांना आधी फक्त दिवसाची, छोट्या पल्ल्याची उड्डाणे द्यावीत, शेजारी तरुण वैमानिक असावा आणि सिम्युलेटरची एक परीक्षा पहाटे तीनला, जागरणानंतर घ्यावी. अशी परीक्षा त्या वर्षी माझी घेतली असती, तर मी पास झालो असतो की नाही, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही.